नर्व्ह ब्लॉक घेऊ की सरळ ऑपरेशन करून मोकळी होऊ?

पत्र: डॉक्टर, माझं वय ४४, शाळेत शिकवते. अडीच महिने झाले, डावा पाय कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीत आणि पार पायाच्या करंगळीपर्यंत ठणकतोय. बसलं की जास्त, शिंक आली तर जीवच जातो. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ ला, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या मणक्यापाशी, डिस्क एक्स्ट्रुजन (गादी फुटून बाहेर आलेली) आणि डावी एस-१ नस दाबली गेलीय असं लिहिलंय. एक सर्जन म्हणाले गादी खूप बाहेर आलीय, आपोआप जाणार नाही, मायक्रोडिसेक्टॉमी, म्हणजे लहान चिरेतून गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन, करून टाका. दुसरे म्हणाले आधी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नसेपाशी द्यायचं इंजेक्शन, घेऊन बघा. नवरा म्हणतो इंजेक्शन म्हणजे तात्पुरतं, एकदाचं ऑपरेशन करून मोकळी हो. जाऊबाई म्हणतात मणक्यात सुई गेली की माणूस लुळा पडतो. मला शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. नसेच्या दुखण्याची गोळी प्रीगॅबॅलिन चालू आहे, त्याने नुसती झोप येते. काय करू? – पाय धरून बसलेली

उत्तर: ताई, पत्रात एमआरआय आहे, शुगर आहे, नवरा आहे, जाऊबाई आहेत, फक्त एक गोष्ट नाही आणि माझं सगळं उत्तर नेमकं तिच्यावर अडलंय. पायात जोर आहे का? दुखतंय किती ते कळलं, मी जोर विचारतेय. आत्ता उठा, भिंतीला नुसता हात टेकवा, उजवा पाय उचला आणि डाव्या पायाच्या चवड्यावर उभ्या राहा, टाच वर. असं लागोपाठ आठ-दहा वेळा वर-खाली करा आणि मग तेच उजव्या पायावर करून बघा. एस-१ ची नस पोटरीला जोर देते, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच जमत असेल तर नस दुखतेय पण काम करतेय. डावी टाच उचललीच जात नसेल, किंवा दोन-तीन वेळा उचलून पाय थरथरून खाली बसत असेल, तर मात्र पुढचं सगळं वाचण्याआधी त्या सर्जनची अपॉइंटमेंट घ्या, या आठवड्यातलीच. आणि जमलं तर दुसरंही करा, चवडे वर उचलून नुसत्या टाचांवर चार पावलं चाला, ती एल-५ नसेची परीक्षा. चालताना पाऊल फटकन आपटत असेल किंवा चप्पल नकळत पायातून निसटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, आणि लवकर सांगायचं.

अजून एक विचारते, संकोच नको. लघवी नीट होतेय ना? लघवीला लागलेलं कळतं का, धार सुरू व्हायला वेळ लागतो का, स्वच्छ करताना दोन मांड्यांच्या मधली जागा, म्हणजे सायकलच्या सीटला टेकते ती, बधिर लागते का? शौचावरचा ताबा गेलाय का? दोन्ही पाय लुळे पडल्यासारखे वाटतात का? यातलं एक जरी 'हो' असेल तर इंजेक्शन की ऑपरेशन हा वादच संपला, त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जायचं. त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, मणक्याच्या खालच्या टोकाच्या सगळ्या नसांचा जुडगाच चेपला जातो आणि तिथे तास मोजले जातात. क्वचित होतं, पण बायका लघवीचं सांगत नाहीत, वयाचं असेल म्हणून सोडून देतात, म्हणून मी दर वेळी विचारतेच.

तर आता जोर शाबूत आहे आणि लघवीचा त्रास नाही असं धरून पुढे लिहिते.

आधीच सांगून ठेवते की मी भूलतज्ज्ञ, त्यातून दुखणं कमी करायच्या कामाकडे वळलेली, म्हणजे हीच इंजेक्शनं देणाऱ्यांच्या गोटातली. त्यामुळे माझं बोलणं थोडं इंजेक्शनच्या बाजूने झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. सर्जन ऑपरेशनच्या बाजूने झुकतात तसंच. म्हणून जमेल तिथे आकडे देते, ते कुणाच्या बाजूचे नसतात (म्हणजे असतात कधीकधी, पण निदान तपासता तरी येतात).

मुळात तुमच्या पायाला काय झालंय ते बघू. गादी सरकून नस दाबते आणि म्हणून पाय दुखतो, हे १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी नीट मांडलं आणि तेव्हापासून सगळं जग दाब, दाब आणि दाब एवढंच बोलत राहिलं, दाब आहे ना मग तो काढा. पण नंतर लक्षात आलं की नुसत्या दाबाने नस बधिर होते, मुंग्या येतात, असा आगीसारखा ठणका येईलच असं नाही. गादीच्या आतला जो मऊ गर असतो तो बाहेर आला की त्यातून दाह करणारी रसायनं नसेच्या मुळाशी सांडतात, नस सुजते, लालबुंद होते आणि मग साधी शिंक आली तरी करंगळीपर्यंत कळ जाते. थोडक्यात तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत, दाब आणि सूज. ऑपरेशन दाब काढतं. इंजेक्शन सूज उतरवतं, दाबाला ते हातही लावत नाही. आणि ही सूज हेच दुखण्याचं मोठं कारण असतं म्हणून तर इंजेक्शनचा उपयोग होतो, नाहीतर झालाच नसता.

मग दाबाचं काय? इथे तुमच्या पहिल्या सर्जनशी माझं जमत नाही. गादी मोठी बाहेर आलीय म्हणून आपोआप जाणार नाही, हे ऐकायला अगदी पटतं, पण होतं बरोब्बर उलटं. जी गादी नुसती फुगलेली असते ती बहुतेक तशीच राहते. जी फुटून मणक्याच्या पोकळीत आलेली असते तिला शरीर परकी समजतं, तिथे रक्तपुरवठा असतो, पेशी येतात आणि तो तुकडा हळूहळू खाऊन टाकतात, तो सुकतो, आकसतो. २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली त्यात नुसत्या फुगलेल्या गाद्यांपैकी १३ टक्के आपोआप मागे हटल्या होत्या, तुमच्यासारख्या एक्स्ट्रुजनमध्ये ७० टक्के, आणि तुकडा पूर्ण तुटून वेगळा पडला असेल तर ९६ टक्के. म्हणजे रिपोर्टमधला जो शब्द वाचून तुमची झोप उडाली तो खरं तर चांगल्या बाजूचा आहे. वेळ लागतो एवढंच, महिने लागतात, आणि तेवढे महिने हा ठणका सोसत वर्गात उभं राहायचं म्हणजे काय ते मला कळतं.

नर्व्ह ब्लॉकचं काम इथे येतं. तो गादी बरी करत नाही. गादी शरीर स्वतः आवरतंय, तोवर तुम्हाला झोपता यावं, चालता यावं, शिंकता यावं यासाठी तो आहे. तुमचे अहो म्हणतात इंजेक्शन तात्पुरतं, अगदी बरोबर म्हणतात, पण दुखणंही तात्पुरतंच असेल तर तात्पुरता उपाय पुरतो की. पहिल्यांदा होणाऱ्या सायटिकातले (नस चेपून पायात जाणारी ही कळ) बहुतेक लोक पहिल्या दीड ते तीन महिन्यांत सुधारतात, काहींचं लांबतं, तुम्ही त्या लांबलेल्यांत आहात.

थांबून काय होतं याचा चांगला अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, २००७ मध्ये छापून आला. तीव्र सायटिका असलेले २८३ जण घेतले, सगळे सहा ते बारा आठवडे दुखत असलेले म्हणजे जवळपास तुमच्यासारखेच, निम्म्यांचं लगेच ऑपरेशन आणि निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय खूप लवकर मोकळा झाला, यात शंका नाही. पण वर्षभराने विचारलं तर दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच सहन झालं नाही आणि त्यांनी ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना ते लागलंच नाही. आता हे वाचून तुम्ही कुठल्या बाजूला पडाल हे मला इथून सांगता येणार नाही, कुणालाच येत नाही, पण थांबलं म्हणून पाय कायमचा गेला असं झालं नाही एवढं त्यातून घ्या. जोर शाबूत असेल तर, हे परत लिहिते.

आता इंजेक्शनबद्दल, माझ्या गोटाला फारसं न आवडणारं. कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात २५ अभ्यास घेतले होते, त्यात स्टिरॉइडच्या एपिड्युरल (मणक्याच्या पोकळीत, नसांच्या आवरणाबाहेर द्यायच्या) इंजेक्शनने पायाचं दुखणं शंभरपैकी सरासरी पाचेक गुणांनी कमी झालं, तेही पहिले काही आठवडे, पुढे फरक उरला नाही. पाच गुण म्हणजे काहीच नाही. पण ही सरासरी आहे. खरं बघाल तर काहींचा पाय इंजेक्शननंतर निम्म्याहून जास्त हलका होतो आणि काहींना काडीचाही फरक पडत नाही, आणि दोघांची बेरीज करून भागलं की पाच येतात. तुम्ही पाच गुणांनी बऱ्या होणार नाही, एक तर बऱ्यापैकी व्हाल नाहीतर नाही व्हाल. एमआरआयवर ठळक दिसणारी ताजी फुटलेली गादी, एकाच नसेचं स्पष्ट दुखणं, कंबरेपेक्षा पाय जास्त दुखणं, महिने फार न झालेले, अशा पेशंटला गुण येण्याची शक्यता जास्त आणि तुमचं पत्र यात बसतं. वर्षानुवर्षं कंबर दुखतेय आणि अधूनमधून पायात जातं, अशांना मी फार आशा दाखवत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या जवळचे अजून दोन अभ्यास. २००० साली अमेरिकेत ५५ लोक घेतले, सगळे ऑपरेशन ठरवूनच आलेले. २८ जणांना नसेच्या मुळाशी भुलीचं औषध अधिक स्टिरॉइड दिलं, २७ जणांना नुसतं भुलीचं औषध, आणि कुणाला काय दिलंय हे कुणालाच सांगितलं नाही. स्टिरॉइडवाल्यांपैकी २० जणांनी पुढे ऑपरेशन केलंच नाही, नुसत्या भुलीवाल्यांपैकी ९ जणांनी नाही केलं. छोटा अभ्यास आहे, पण प्रश्न नेमका तुमचाच होता. दुसरा ब्रिटनमधला, २०२१ चा, १६३ लोक, निम्म्यांना सरळ मायक्रोडिसेक्टॉमी आणि निम्म्यांना इंजेक्शन, अठरा आठवड्यांनी रोजच्या हालचालीत दोन्ही गटांत ठोस फरक सापडला नाही, गंभीर त्रास ऑपरेशनच्या गटात चौघांना झाला, इंजेक्शनच्या गटात कुणालाच नाही. इंजेक्शनवाल्यांपैकी काहींना नंतर ऑपरेशन करावं लागलंच, पण आधी इंजेक्शन घेतलं म्हणून त्यांचं ऑपरेशनचं दार काही बंद झालं नव्हतं.

मात्र नुसतं थांबत राहायचं असंही नाही. कॅनडात चार ते बारा महिने दुखत असलेले १२८ लोक घेतले होते, २०२० मध्ये निकाल आला, त्यात सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं पायाचं दुखणं दहापैकी २.८ आणि इतर उपचारवाल्यांचं ५.२ होतं, आणि या इतर उपचारांत इंजेक्शनही होतं बरं का. म्हणजे चार महिने उलटले आणि ठणका तसाच आहे तर मग ऑपरेशनचं पारडं जड होतं. तुमचे अडीच झालेत. तेव्हा माझं म्हणणं असं की आता एक इंजेक्शन घ्या, दोन-तीन आठवडे बघा, आणि चौथा महिना संपताना पाय जर आजच्याइतकाच दुखत असेल तर मायक्रोडिसेक्टॉमीला मनावर दगड न ठेवता हो म्हणा.

आता इंजेक्शन कुठलं ते नीट विचारून घ्या, कारण नर्व्ह ब्लॉक या नावाखाली वाटेल ते खपतं. कंबरेच्या स्नायूत दुखऱ्या जागी टोचतात तोही ब्लॉक, मणक्याच्या छोट्या सांध्यात देतात तो फॅसेट ब्लॉक, तो कंबरदुखीसाठी, त्याचा तुमच्या पायाशी संबंध नाही. तुम्हाला हवा तो ट्रान्सफोरॅमिनल एपिड्युरल किंवा सिलेक्टिव्ह नर्व्ह रूट ब्लॉक, एस-१ डावा. आणि तो एक्स-रेच्या चालत्या पडद्यावर बघत द्यायचा, सी-आर्म म्हणतात त्या मशीनखाली. अंदाजाने, हाताने चाचपून कुणी देतो म्हणालं तर नको म्हणा, सरळ उठून या.

देताना काय होतं ते सांगते म्हणजे जाऊबाईंची भीती जरा उतरेल. तुम्हाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. पूर्ण भूल देत नाहीत, मुद्दाम देत नाहीत, तुम्ही जाग्या आणि बोलत्या असणं हीच सुरक्षितता आहे. कातडी बधिर करायचं औषध चुरचुरतं, सगळ्यात जास्त टोचणं तेच. मग कमरेखालचं जे चपटं त्रिकोणी हाड असतं त्यात नसेला बाहेर पडायला छिद्रं असतात, त्यातल्या डावीकडच्या पहिल्या छिद्रात बारीक लांब सुई पडद्यावर बघत बघत नेतात. मग थोडा डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतात. हा डाय नसेच्या कडेने पसरला की पडद्यावर नस काळ्या रेघेने उमटते, वरून तिरकी खाली येणारी, आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी पेशंट ओरडतो, 'हीच, हीच ती कळ, करंगळीत गेली!' त्या ओरडण्याने मला फार बरं वाटतं, वाईट दिसतं पण खरं आहे, कारण सुई नेमक्या नसेशी पोचलीय हे त्याहून चांगलं कुणी सांगत नाही. डाय रक्तवाहिनीत गेला तर क्षणात वाहून नाहीसा होतो, मग सुईची जागा बदलायची. सगळं पटलं की औषध, दोन-तीन मिली, झालं. सुई आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, त्यानंतर तासभर पडून राहायचं.

आता लुळं पडण्याचं. जाऊबाई हवेतून बोलत नाहीयेत, तसं घडलेलं आहे, पण अगदी दुर्मिळ. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०१४ मध्ये इशारा दिला होता की मणक्याच्या इंजेक्शनांनंतर क्वचित लकवा, दृष्टी जाणं असले गंभीर प्रकार झालेत. त्यामागचं मुख्य कारण म्हणजे काही स्टिरॉइड पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत, त्यांचे कण असतात, ते कण चुकून मज्जारज्जूला रक्त नेणाऱ्या बारीक धमनीत गेले तर ती बुजते. मानेतल्या इंजेक्शनात याचा धोका जास्त. तुमची जागा पार खाली, मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. तरी डॉक्टरांना एवढंच विचारा की स्टिरॉइड कुठलं वापरणार, डेक्सामेथासोन म्हणाले तर उत्तम, त्यात कण नसतात. प्रश्न विचारला म्हणून चिडणारा डॉक्टर असेल तर त्यातूनही तुम्हाला काय ते कळेलच.

बाकी होऊ शकणारे त्रास लहान आहेत. दोन-तीन दिवस चेहरा लाल-गरम होतो, झोप उडते, एखादी पाळी मागे-पुढे होते. क्वचित मणक्याचं आवरण टोचलं गेलं तर उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, तसं झालं तर फोन करायचा. ताप आला, टोचलेली जागा सुजून लाल झाली किंवा पायातला जोर कमी व्हायला लागला तर फोन नाही, थेट जायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आयोडीनच्या डायची किंवा कुठल्याही औषधाची अॅलर्जी असेल, दिवस गेलेले असण्याची जराशीही शक्यता असेल तर हे आधी सांगायचं. रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिलीय त्यांना विचारून.

शुगरचं जरा थांबून सांगते. ७.८ वर इंजेक्शन देता येतं, त्याने अडत नाही. पण स्टिरॉइडने साखर उसळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमच्या ग्लुकोमीटरवर असा आकडा दिसेल की तुम्ही मशीन बिघडलं म्हणाल. बहुतेकांची आठवड्याच्या आत जागेवर येते. इंजेक्शनच्या आधीच तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना दिवस सांगून ठेवा, त्या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा तपासा, किती आकड्याच्या वर गेली की काय करायचं हे त्यांच्याकडून लिहून घ्या, मनाने गोळी वाढवू नका. आणि एक गंमत म्हणजे ऑपरेशन ठरलं तरी साखर आटोक्यात लागतेच, जखम भरायला आणि इन्फेक्शन टाळायला, त्यामुळे ती खाली आणायचं काम आजपासून सुरू करा, कुठल्याही रस्त्याने गेलात तरी वाया जाणार नाही.

त्या दिवशी गाडी चालवायची नाही, पाय काही तास जड आणि बधिर लागू शकतो. आणि घरी आल्यावर मोबाइलमध्ये दर तासाला लिहायचं, पाय दहापैकी किती दुखतोय. कारण असं की त्यात भुलीचं औषधही असतं, त्याचा परिणाम पहिले काही तास. तेवढ्या वेळात पायाची कळ गायब झाली तर दुखणारी नस हीच हे पक्कं झालं, मग रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळ परत आली तरी घाबरायचं नाही, भूल उतरली आणि स्टिरॉइड अजून लागू झालं नाही एवढाच अर्थ. त्याला दोन दिवसांपासून आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात. लोक इथेच धीर सोडतात, तिसऱ्या दिवशी इंजेक्शन फेल गेलं म्हणून मोकळे होतात. उलट पहिल्या तासांतही पाय जसाच्या तसा दुखला, अगदी तसूभरही कमी झाला नाही, तर मात्र खरा प्रश्न आहे, कदाचित दुखणं त्या नसेचं नाहीच. कुल्ल्यातला स्नायू, खुबा, पायातली रक्तवाहिनी, कशातूनही असं दुखणं येऊ शकतं आणि एमआरआयमध्ये गादी दिसली म्हणजे तीच गुन्हेगार असं नसतं, पन्नाशीतल्या काहीही न दुखणाऱ्या धडधाकट लोकांचे स्कॅन काढले तर साठ टक्क्यांत फुगलेली गादी दिसते. तुमचं वर्णन मात्र एस-१ चंच वाटतं. पण ही मोबाइलमधली नोंद सर्जनकडे घेऊन जा, त्याला ऑपरेशन ठरवतानाही उपयोगी पडते.

किती वेळा घ्यायचं? तीन इंजेक्शनांचं पॅकेज कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, तीनचा कोर्स पूर्ण करायचा असा काही नियम नाही. एक घ्यायचं, दोन-तीन आठवडे बघायचं. छान वाटलं तर दुसरं कशाला? अर्धवट उतरलं तर दुसरं घेऊन बघायला हरकत नाही. काहीच झालं नाही तर त्याच जागी तेच परत टोचण्यात अर्थ नाही. वर्षात तीन-चारच्या वर सहसा कुणी जात नाही, तुमच्या शुगरला तर मी दोनवरच थांबेन.

आणि ऑपरेशनबद्दल तुमच्या अहोंना माझ्याकडून एवढं सांगा की त्यांचं अर्धं बरोबर आहे. मायक्रोडिसेक्टॉमी चांगलं ऑपरेशन आहे, लहानशी चीर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, पायाची कळ बऱ्याचदा शुद्धीवर आल्याबरोबर गेलेली असते. पण 'मोकळी हो' हे तितकंसं नाही. ते पायासाठी आहे, कंबरेचं दुखणं त्याने जाईलच असं नाही, आणि शंभरातल्या पाच-दहा जणांची त्याच जागेची गादी पुन्हा बाहेर येते. भीती वाटते म्हणून टाळू नका आणि कंटाळा आला म्हणून करू नका. जोर कमी व्हायला लागला तर मात्र चौथ्या महिन्याची वाट बघायची नाही, तो चवड्यावर उभं राहायचा प्रकार रोज सकाळी दात घासताना करा, त्याच नळापाशी.

इंजेक्शनने दुखणं उतरलं की लोक जे करतात ते करू नका, म्हणजे दोन महिन्यांची साठलेली घराची साफसफाई. उतरलेलं दुखणं म्हणजे बरी झालेली गादी नव्हे, आत तुकडा अजून आहे. त्या आठवड्यांत चाला, रोज थोडं वाढवत, फिजिओथेरपिस्ट गाठा, वाकून वजन उचलणं आणि तासन्‌तास बसणं टाळा. पडून राहू नका, सायटिकाला बेडरेस्टचा फायदा होत नाही हे १९९९ मध्येच तपासून झालंय. पाय सरळ ताणून मांडीची मागची शीर खेचणारे व्यायाम व्हिडिओ बघून करू नका, चिडलेली नस त्याने अजून चिडते. शाळेत वर्गात एक उंच स्टूल ठेवून घ्या, अर्धवट टेकून उभं राहता येतं, पूर्ण बसण्यापेक्षा ते सोसतं.

राहिलं प्रीगॅबॅलिन. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ लोकांवर बघितलं, खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली, आणि ब्रिटनची नाइस संस्था तर सायटिकाला ती देऊच नका म्हणते. तुम्हाला नुसती झोपच येत असेल तर डॉक्टरांशी बोलून ती थांबवायला हरकत नसावी, पण एकदम बंद करू नका, आठवडाभर तरी हळूहळू कमी करत, नाहीतर घाम, घालमेल, झोप उडणं हे नवीन सुरू होईल आणि त्याचं खापर बिचाऱ्या इंजेक्शनवर फुटेल.